नसरीनचा नकार

नसरीन, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मराठी माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा फोटो आला. फोटोला झेंडूचा हार आणि खाली लुकलुकणारी पणती. मुसलमान बाईच्या फोटोला हार-पणती! कुणाला काही खटकलं नाही. खाली रांगेनं जोडलेले हात, रडकी तोंडं, 'ओम शांती', 'रिप नसरीन आंटी'. एका शहाण्यानं तर तुझ्या आत्म्याला मोक्ष मिळो असंही लिहून टाकलं. मला आधी हसूच आलं. तुला दाखवावं म्हणून फोन घेऊन मी आतल्या खोलीत गेले, आणि आत गेल्यावर कळलं की आता दाखवायचं कुणाला.

फोटो कुठला होता माहितीये? मागच्या हिवाळ्यात झाडं लावणाऱ्यांची बस आली होती, तेव्हाचा. तुझ्या खांद्यावर अर्धा हात दिसतो तो माझा. बाकीची मी कापून टाकलेली. बरंच झालं, नाहीतर मलाही हार घातला असता त्यांनी.

तर हे तुला लिहितेय. ग्रुपवर टाकणार नाही, तिथे मिलिंदनं तुझ्यावर लिहिलेलं आधीच आहे. 'पर्यावरणाची निःस्वार्थ सेविका.' हा मिलिंद अबुधाबीत, अल रीम आयलंडवर काचेच्या घरात राहतो, कंपनीत सस्टेनेबिलिटी का काय ते बघतो, आणि इथे गावात येताना चाकांना धूळ लागेल म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरच सोडतो. निःस्वार्थ म्हणे. अगं, तू काय निःस्वार्थ होतीस? तुला ती झाडं हवी होती, हावरटासारखी हवी होती. नवरा गेल्यावर, गफूरभाई गेल्यावर तुला काहीतरी रोज उठून बघायला हवं होतं. हे मला ठाऊक आहे, मिलिंदला नाही.

मुसफ्फाच्या आपल्या बिल्डिंगखाली गफूरभाईंचं किराणा दुकान, बकाला, होतं तेव्हापासूनची आपली ओळख. मी फॅब्रिकेशन कंपनीच्या अकाउंट्समध्ये, संध्याकाळी उतरता उतरता दूध न्यायची, आणि गल्ल्यावर तू बसलेली असलीस की अर्धा तास जायचा. माझं लातूरचं 'काय करूलालीस' ऐकून तू पोट धरून हसायचीस. तुझं रत्नागिरीकडचं 'गो' ऐकून मी. गफूरभाई गेले, दुकान विकलं, आणि तुझ्या मुलानं, झैदनं, तुला अल रीमवर आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तिथे तू करायचीस काय, तर खिडकीतून समुद्र बघायचा. मग कुणीतरी तुला ग्रुपच्या सहलीला ह्या डोंगरातल्या गावात आणलं. तू वठत चाललेली जुनी घाफची झाडं बघितलीस, आणि महिन्याभरात गावातल्या म्हाताऱ्या उम्म राशिदच्या खजुराच्या बागेमागच्या दोन खोल्या मागून घेतल्यास.

झैदनं मला फोन केला होता. "आंटी, प्लीज टॉक सम सेन्स इन्टू हर." तेव्हा माझी नोकरी नुकतीच संपली होती. मी तुला परत न्यायला म्हणून दोन दिवसांची बॅग घेऊन आले. आमचे हे म्हणाले, "जा बाई, तिथे तरी कुणाशी भांड." तीन वर्षं झाली नसरीन. बॅग अजून त्याच खुंटीला आहे.

घाफ म्हणजे आमच्याकडची शमी, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. सौंदड म्हणतात, दसऱ्याला तिची पूजा करतात. तू म्हणालीस, "मंग तुझी ओळखीचीच झाडं हायत की. ऱ्हा मग." एवढ्यावर राहिले मी. माणसं लग्नाला होकार देताना यापेक्षा जास्त विचार करतात.

लोकांना वाटतं आपण इथे झाडं लावत होतो. डोंबल लावत होतो! आपण कचरा उचलत होतो. पहाटे फजरची नमाज झाली की तू चहाचं आधण ठेवायचीस, उन्हं वर यायच्या आत पोती घेऊन आपण वादीत उतरायचो. कोरडा नदीचा पाट, गोटेच गोटे, आणि गोट्यांत अबुधाबी-दुबईहून सुट्टीला आलेल्या सुशिक्षितांची विष्ठा. बिर्याणीचे डबे, फॉइलचे ट्रे, पाण्याच्या बाटल्या, लेकरांचे लंगोट, आणि घाफच्या मुळावरच पेटवून दिलेले बार्बेक्यूचे निखारे. सावलीसाठी झाडाखाली बसायचं आणि जाताना त्याचंच बूड भाजायचं! निम्मी माणसं आपलीच. रिकाम्या पुड्यांवर मराठी अक्षरं दिसली की मला लाज वाटायची, आणि तू मात्र, "अगो, बाकरवडी खाल्लीन त्यांनी," म्हणून कौतुकानं वाचायचीस.

एकदा एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं. आपल्याला पोती घेऊन येताना बघून तो माणूस बसल्या जागेवरून म्हणाला, "दीदी, उधर भी पडा है." आपल्याला सफाईवाल्या समजला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू "हां भाई, शुक्रिया" म्हणून त्यानं दाखवलेल्या जागी वाकलीससुद्धा. शुक्रिया! त्याच्या बायकोच्या ताटातलं हाड तू उचललंस, नसरीन. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

मी तुला म्हणाले होते, भीड ही भिकेची बहीण. तू म्हणालीस, "भीड नाय गो वसू, उगाच कशाला त्याचा दिवस खराब करायचा?" त्याचा दिवस! आपल्या गुडघ्यांचं काय झालं ते कुणाला विचारायचं नाही.

आणि ते काम फालतू नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग. उम्म राशिदची ती पांढरी शेळी आठवते ना, पोट फुगून मेली ती? म्हातारीच्या पोरानं पोट फाडून बघितलं तर आत प्लास्टिकचा हा एवढा गोळा. म्हातारी ओट्यावर बसून रडत होती, आणि तू तिच्या शेजारी. मला अरबी धड येत नाही, तुलाही येत नव्हती. तरी तुमचं दोघींचं कसं काय जमायचं कोण जाणे. तिची हिंदी गल्फची, तुझी हिंदी कोकणची, आणि मधे दोघींचं 'इन्शाल्ला'.

झाडांचं सांगायचं तर तू त्यांचेही लाड केलेस. म्हाताऱ्या घाफच्या शेंगा गोळा करून, बिया भिजवून, ताकाच्या, लबनच्या रिकाम्या बाटल्या कापून तू रोपं केलीस, इथपर्यंत मी तुझ्या पाया पडते. पण शेळ्यांच्या गोठ्यापलीकडच्या उतारावर लावल्यावर रोज पाणी? रोज? शमीचं झाड आहे ते, त्याला वरून पाणी दाखवलं तर खाली कशाला जाईल? त्याला तहान लागू दे, तहानेनं मूळ खाली उतरतं, असं मी ओरडून सांगायची. आठ दिवसांनी एकदा, पण पोटभर. तू हो हो म्हणायचीस आणि मी पाठ फिरवली की डबा घेऊन निघायचीस. "एक बघत होता गो माझ्याकडं." झाड बघत होतं म्हणे हिच्याकडे! झाडालासुद्धा नाही म्हणता येईना तुला. झैदचंही असंच केलंस. मागितलं की दिलं, आणि मग तो सव्विसाव्या मजल्यावर बसून विचारतो, "अम्मी, व्हाय डू यू लिव्ह विथ गोट्स?"

पाण्याचं ते भांडण अर्धंच राहिलं. मी जिंकणार होते, हे तुला माहीत होतं.

शनिवारचं तर बोलूच नये. बस यायची. दुबईजवळच्या जबल अलीच्या गोदामवाल्या कंपनीची, कधी कुठल्या बँकेची, कधी नुसती ग्रुपची. बसमधून गॉगल उतरायचे, मग माणसं. आधी विचारायची वॉशरूम कुठे, मग वायफाय. खड्डे आपण आदल्या दिवशी खणून ठेवलेले. त्या खडकाळ जमिनीत एक खड्डा खणताना माझ्या मनगटातून कळ यायची, तू तर पहारीवर लोंबकळायचीस. हे आले की आयत्या बिळावर नागोबा. एका रोपाला दहा-दहा जणांनी हात लावायचा, फोटो, पुन्हा फोटो, कारण कुणाचे तरी डोळे मिटले. मिलिंद भाषण करायचा, "वी आर गिव्हिंग बॅक." अरे, घेतलं कधी होतंस तू ह्या गावाकडून? गावाचं नावसुद्धा त्याला नीट म्हणता येत नाही. रोपाची पिशवी न काढताच खड्ड्यात ठेवून वर माती लोटणारे महाभाग मी ह्या डोळ्यांनी बघितलेत. बस वळणावर दिसेनाशी झाली की आपण दोघी उकिडव्या बसून सगळी रोपं पुन्हा काढायचो आणि पुन्हा लावायचो.

आणि त्यांना जेवण! ह्यांना कुणी सांगितलं होतं की झाड लावलं की सुरमईचं कालवण मिळतं? तू सांगितलंस. पहिल्याच बसला तू सांदण आणि कालवण खाऊ घातलंस, आणि मग तो रिवाजच पडला. मिलिंद आदल्या दिवशी मेसेज टाकायचा, 'नसरीन आंटीज फेमस लंच!' मी म्हणायची, त्यांना सांग, डबे आणा. तू म्हणायचीस, "लोका आपल्या पायांनी आलीत गो, उपाशी कशी धाडायची?" पायांनी कुठे, एसी बसनं आलीत.

आता त्या शनिवारचं. मला लिहायचं नव्हतं, पण दुसरं काय लिहू?

गुरुवारपासून तुझा डावा खांदा दुखत होता. शुक्रवारी जबडाही. तू म्हणालीस गॅस झालाय, ओवा चावलास. मी म्हणाले, चल रास अल खैमाहला, हॉस्पिटलात दाखवू. "उद्या बस हाय." मी म्हणाले, मिलिंदला फोन कर, नको म्हणून सांग. "आता माणसा निघायच्या तयारीत असतील, आता कसा नको म्हणू?" मी म्हणाले, मी सांगते. तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास. भांडणात कधी आवाज न चढवणारी तू, त्या दिवशी चढवलास: "वसू, माझ्या नावानं कुणाला नको सांगायचा नाय!" शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी राहिले, तर तू मला सांदणाचा घाणा उतरवायला लावलास.

चाळीसेक माणसं जेवली. एकीनं तिखट जास्त झालं म्हणून सांगितलं. एकानं रेसिपी विचारली, आणि तू कपाळावर घाम घेऊन, भिंतीला टेकून, नारळाचा रस किती घालायचा ते त्याला समजावलंस. त्यानं फोनवर रेकॉर्डही केलं. कुणाला दिसलं नाही की ही बाई पांढरी पडलीये. झाडं वाचवायला निघालेली माणसं ती, त्यांना समोरची बाई कशाला दिसेल?

दुपारी ती सगळी उतारावर फोटो काढत असताना तू मोरीपाशी खाली बसलीस. मी आणि उम्म राशिदच्या पोरानं तुला गाडीत घातलं. तो भरधाव चालवत होता, माझ्या मांडीवर तुझं डोकं. डोंगर संपून सपाटीवर आलो तेव्हा तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता काहीतरी सांगणार, झैदचं, गफूरभाईंचं, नाहीतर माझं. तू म्हणालीस, "त्यांना चाय दिलीस काय?"

तेच शेवटचं. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरनं नुसती मान हलवली.

मला इतका राग आला तुझा नसरीन, की मला रडूच आलं नाही. अजून राग आहे. माणसं हृदयविकारानं मरतात, तू भिडेनं मेलीस.

अबुधाबीला दफन झालं. बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं, त्यामुळे मी झैदच्या फ्लॅटमध्ये, तुझ्या त्या समुद्राच्या खिडकीपाशी बसले. तुझ्या बाजूच्या बायका कुराणाचे सिपारे वाचत होत्या. त्यांनी मला जागा करून दिली, डोक्यावर घ्यायला ओढणी दिली. मला वाचता येत नव्हतं, मी नुसती बसले. मिलिंद पुरुषांच्या खोलीत कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, "शी डाइड डूइंग व्हॉट शी लव्ह्ड." काय लव्ह्ड? भांडी घासणं?

परत गावात आले तेव्हा आमचे हे फोनवर म्हणाले, आता तिथे काय राहिलंय तुझं? उन्हाळा तोंडावर आलेला. उतारावर तुझी रोपं, तुझ्या रोजच्या पाण्याची सवय लागलेली. माझ्या मताप्रमाणे मी पाणी तोडलं. चौथ्या दिवशी टोकं पिवळी पडायला लागली. मग मी अर्धा अर्धा डबा घालू लागले, एक दिवसाआड, तुला शिव्या देत. उम्म राशिद तिच्या ओट्यावरून बघते आणि म्हणते, "नसरीन रोज देती थी." मला माहितीये ती रोज देती थी!

एक गोष्ट मात्र ह्या महिन्यात लक्षात आली, आणि ती मला आवडलेली नाही. तू कुणालाच नको म्हटलं नाहीस म्हणून मी तुला तीन वर्षं बोल लावला. त्या 'कुणालाच'मध्ये मीही होते. दोन दिवसांसाठी आलेली, तोंडाळ, तुझ्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणारी, तुझ्या नमाजेच्या वेळी नेमका मिक्सर लावणारी बाई. तू एकदाही विचारलं नाहीस की वसू, जाणार कधी? लातूरला माझी आई गेली आणि विमान मिळेना, तेव्हा तू रात्रभर माझे पाय चेपत बसली होतीस. सख्ख्या बहिणीनं नुसता व्हिडिओ कॉल केला होता. दुसऱ्या कुणी मला आठवड्याभरात हाकलली असती. इतकी वर्षं मला कुणी असं ठेवून घेतलं नव्हतं, आणि हे तुला मी कधीच सांगितलं नाही. आता सांगतेय, तर ऐकायला तू नाहीस.

तर आता मुद्द्यावर येते. गेल्या शनिवारी मिलिंद आला, झैदला घेऊन. दोघं उतारावर फिरले, मग खोलीपुढच्या चटईवर बसले. मिलिंदनं लॅपटॉप उघडला. जबल अलीच्या त्या कंपनीला आपल्या आवारात तुझ्या नावाचं स्मृतिवन करायचं आहे. 'नसरीन ग्रोव्ह.' गोदामाच्या फाटकापाशी, ट्रक वळतात तिथे. पितळी पाटी, पाटीचेच पाचशे दिरहम, म्हणजे आपले अकरा-बारा हजार, असं तो कौतुकानं म्हणाला. आणि झाडं कुठली? तुझीच. ह्या उतारावरची, उपटून न्यायची.

"मरतील," मी म्हणाले. "शमीचं मूळ सरळ खाली जातं. ते तुटलं की खलास. एक जगणार नाही."

"वहिनी, डोन्ट वरी, लँडस्केपिंगची प्रोफेशनल टीम आहे. आणि मेली तर आपण रिप्लेस करू ना, नवीन आणून."

रिप्लेस! उम्म राशिद दारात उभी होती. तिनं मला विचारलं, हा काय मागतोय? मी सांगितलं, झाडं. ती एकच शब्द बोलली, "मजनून," म्हणजे वेडा, आणि शेळ्यांकडे गेली. पण जमीन तिच्या दिराची, रोपं तुझी, आणि तिच्या दिरानं सरळ सांगितलेलं, नसरीनच्या मुलाला विचारा, तो म्हणेल तसं. सगळं झैदवर येऊन थांबलं होतं.

मी झैदला म्हणाले, "बाबा, तुझ्या आईचे तीन उन्हाळे आहेत ते. तू नको म्हण."

तो चटईची किनार उचकटत बसला होता. तुझ्यासारखेच हात आहेत गं त्याचे. म्हणाला, "आंटी, दे ऑलरेडी अनाउन्स्ड इट. पीपल आर सो एक्सायटेड. हाउ कॅन आय से नो नाउ?" मग वर बघून म्हणाला, "अँड ऑनेस्टली, अम्मी वुड हॅव सेड येस."

पोरगं खरं बोलत होतं, नसरीन. तू हो म्हणाली असतीस. मिलिंदला वाईट वाटू नये म्हणून, कंपनीचा हिरमोड नको म्हणून, तू स्वतः कुदळ आणून दिली असतीस, माणसांना कालवण वाढलं असतंस, आणि मग रात्री नळ सोडून मोरीत रडली असतीस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू जायचं, बरं का. दर वेळी जायचं.

माझं सांगणं तर वाऱ्यावरच जाणार होतं. मी भांडकुदळ, मला सगळं नकोच असतं, हे मिलिंदला पाठ आहे. तो लॅपटॉप मिटायला लागला, मंगळवारी क्रेन येईल म्हणाला.

मग मी खोटं बोलले. सरळ, डोळ्यांत डोळे घालून.

मी म्हणाले, "झैद, अम्मी गाडीत काय म्हणाली ते तुला सांगितलं नाही मी. तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं. ती म्हणाली, माझी झाडं इथून कुणाला नेऊ देऊ नको. कुणीही मागितलं तरी नको म्हण. झैदला सांग, म्हणाली. शेवटचे शब्द तिचे."

मुलानं माझ्याकडे बघितलं. "शी सेड दॅट? अम्मी सेड नो?"

"हो. नको म्हणाली."

त्याचा चेहरा मोडला. लहानपणी बकाल्यात गोळ्यांची बरणी फोडली होती तेव्हा रडला होता, तसा रडला, तोंड झाकून. मग पहिल्यांदा मराठीत बोलला, तुझ्या मराठीत: "मंग नाय द्यायची. खलास." मिलिंदनं डोक्यावरची कंपनीची टोपी काढली. "ऑफकोर्स, ऑफकोर्स. आंटींची विश आहे म्हणजे प्रश्नच नाही. मी बोलतो त्यांच्याशी." तिथल्या तिथे फोन लावला, दोन मिनिटांत विषय संपला. कंपनीवाले म्हणाले, नो प्रॉब्लेम, आम्ही नर्सरीतून दुसरी घेऊ.

मी आत जाऊन चहा टाकला. तू मला बजावलं होतंस ना, माझ्या नावानं कुणाला नको सांगायचं नाही म्हणून? सांगितलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घातलं, ह्याचं काय पाप-गुन्हा असेल तो तुझ्या अल्लाकडे आणि माझ्या देवाकडे मी बघून घेईन. झाडं जागेवर आहेत. ह्या उन्हाळ्यात किती राहतील ते मला माहीत नाही, अर्धा डबा पाणी चालू आहे.

पण मला तुझा खरा राग आला तो त्यानंतर, बाहेर चहा घेऊन गेल्यावर. मी आपली वाट बघत होते, आता काहीतरी होईल. मिलिंदचं तोंड उतरेल, झैद रुसेल, कुणी टाकून बोलेल. काही नाही गं. मिलिंदनं साखर जास्त मागितली. झैद दोन कप प्यायला. पुढच्या शनिवारची बस नको, मी म्हणाले, नसरीननं तेही सांगितलं होतं, तर मिलिंद म्हणाला, ओके वहिनी. नुसतं ओके. जाताना दोघांनी हात हलवला.

तू नको म्हणालीस, नसरीन, आणि कुणाचाही दिवस खराब झाला नाही.